पशुवैद्यकीय सेवा आणि सहायकाच्या रोजगाराचे मार्ग

गुरांच्या दवाखान्यात नोकरी मिळेल काय, असा प्रश्न ग्रामीण भागातील विद्यार्थी शिक्षकांना पुष्कळदा विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या दवाखान्यांचे स्वरूप आणि त्यांत सहायकाला कायद्याने दिलेले स्थान समजून घेणे अगत्याचे आहे.

राज्यात पशुवैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ १८८६ साली मुंबईत परळ येथे झाला. परंतु पशुवैद्यकीय सेवा गोठ्यापर्यंत नेण्यास केवळ पदवीधरांचे बळ कधीच पुरेसे नव्हते. जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण दवाखान्यांचे जाळे प्रामुख्याने त्यांच्याकडे आले. श्रेणी-१ च्या दवाखान्याचा प्रमुख पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो; श्रेणी-२ चे दवाखाने मात्र दीर्घकाळ पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांच्या भरवशावर चालत आले. यांखेरीज तालुका व जिल्हा पातळीवर सर्वचिकित्सालये आहेत, तसेच १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास येणारी फिरती पथकेही आहेत.

कायद्याची मर्यादा

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुरोगांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरास आहे. पदविका वा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यास राज्य शासनाच्या आदेशाने फक्त किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले अन्य प्राथमिक उपचार यांचा तीत समावेश होतो. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसारच. ही अट कागदावर सोपी दिसते. रात्री गाय अडली, पशुवैद्यक दूर आहे आणि पशुपालक दारात उभा आहे, अशा वेळी तिची खरी कसोटी लागते.

ही मर्यादा निष्कारण घातलेली नाही. एकाएकी मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर फाशी रोगाची शंका घेऊन मृतदेह न उघडता तत्काळ वर कळविणे हेच सहायकाचे कर्तव्य होय. देह फाडल्यास जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात. ती जिवंत जंतूंची असल्याने चुकून सुई टोचल्यास लस देणारा स्वतःच बाधित होऊ शकतो. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ही साखळी वाटेत तुटली तर टोचूनही रक्षण होत नाही, आणि दोष मात्र लसीला दिला जातो.

संधी कोठे आहेत

जिल्हा परिषदेतील पद स्थिर व वेतनश्रेणीचे असते, पण भरती दरवर्षी होतेच असे नाही. केवळ त्याच आशेवर राहणे शहाणपणाचे नव्हे. सहकारी दूध संघ आपल्या सभासदांसाठी कृत्रिम रेतन व प्राथमिक उपचारांची सोय करतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने पशुपालकाच्या दारी रेतनसेवा पोहोचविली. केंद्राच्या 'मैत्री' योजनेतील तंत्रज्ञाला प्रशिक्षण मिळते, परंतु कायम पगार नाही. सेवाशुल्कावरच त्याची मिळकत अवलंबून असते. म्हणून कसब महत्त्वाचे. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवलेले वीर्य योग्य रीतीने वितळविणे, सकाळी माजावर आलेल्या गाईला सायंकाळी रेतन करणे, यांत चूक झाली की पशुपालकाचे तीन आठवडे वाया जातात. मग तो दुसऱ्याला बोलावतो.

शहरांतील कुत्र्या-मांजरांच्या खाजगी दवाखान्यांतही जनावर धरणे, उपकरणे निर्जंतुक करणे, नोंदी ठेवणे यांसाठी मदतनीस लागतात. तेथे वेतनाचे प्रमाण ठरलेले नसते.

प्रवेश घेताना शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. पदविका देणारी संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे काय? मान्यता नसलेल्या वर्गाचे प्रमाणपत्र शासकीय भरतीत उपयोगी पडत नाही, आणि त्याच्या आधारे केलेले उपचार गुन्हा ठरू शकतात. पंचायत सदस्यांनी गावात एक मजबूत खोडा उभारून दिला, तरी लसीकरणाच्या दिवशी सहायकाचे निम्मे श्रम वाचतात. २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा गावोगावच्या गुरांना थोड्या दिवसांत लस टोचावी लागली होती.