आजचे चिंतन : नांगर (गीता २.६७)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ६७वा. भगवंत सांगतात, वारा पाण्यातली नाव ओढून नेतो, तसं भटकणाऱ्या इंद्रियांमागे गेलेलं मन माणसाची बुद्धी ओढून नेतं.

मग नाव थांबवायची कशाने? नांगराने. आम्हा गोंदियाकरांना नांगर म्हटलं की धानाची बांधीच आठवते. पण मराठीत जहाजाचाही नांगरच. फारसीत त्याला लंगर म्हणतात. दोन्ही नांगर जमिनीत रुतले तरच कामाचे.

नांगर वारा थांबवत नाही, लाटाही नाही. नाव हलतेच, फक्त वाहून जात नाही. दोर आखूड असला तर ओढ वर बसते आणि नांगर उपटतो. लांब सोडला की ओढ आडवी पडते, नांगर आणखी रुततो.

मागच्या आठवड्यात ऑफिसमधून कपातीचा मेल आला. रात्रभर मोबाईल बघत बसलो. सकाळी मुलगी चित्र दाखवायला आली, तर तिच्यावरच ओरडलो. जप मी रोज करतो, पण दोन मिनिटं, घाईत. म्हणजे नांगर होता, दोर आखूड होता.

उपाय ६.२६ मध्ये आहे : मन जिथे जिथे पळेल, तिथून परत आणायचं. पुन्हा पुन्हा.

आजपासून मोबाईलच्या आधी १५ मिनिटं जप. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. मुलीला मात्र सॉरी म्हटलं, चित्रही पाहिलं.

तुमचा दोर किती लांब आहे?

राम कृष्ण हरी.