तळ्याची निगा काठापासून

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव हे भातशेतीचे व ढिवर समाजाच्या मासेमारीचे आधार आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलावांची निगा मात्र गावाच्या सहभागावाचून राहत नाही. शेतातील खत व गावाचे सांडपाणी तलावात उतरले की नत्र व स्फुरद वाढून शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते; परिणामी पहाटे मासे गुदमरतात. औषधाने शेवाळ एकदम मारल्यास ते कुजताना प्राणवायू आणखी घटतो. म्हणून शेवाळ थोडे थोडे काढून दूर टाकावे, सांडपाणी वळवावे, काठावर गवताचा पट्टा राखावा आणि तलाव आटल्यावर गाळ काढून शेतात पसरावा. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच हे नियोजन करणे अगत्याचे आहे.