डिपॉझिट गेलं, पण भोक सापडलं

"ताई, तुमच्याकडे सुई लागलेली दिसते." गादीची घडीसुद्धा न उलगडता भाड्याच्या दुकानदाराने निकाल दिला आणि डिपॉझिट खिशात टाकलं. सासूबाईंना पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली ती फुगेवाली हवेची गादी. पहिल्याच आठवड्यात तिच्या एकाआड एक ओळी बसायला लागल्या, तेव्हा फोनवर हाच गृहस्थ म्हणाला होता, "पंप चालू ठेवा, होईल नीट." पंप काय, अहोरात्र घरघरतच होता!

गादी माझ्याकडेच राहिली. शेवटी मीच ती फुगवून स्पंजाने साबणाचा फेस फिरवला. खालच्या अंगाला एका फुग्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे आले. नीट पाहिलं तर तिथे आधीच एक ठिगळ! झटपट चिकटणाऱ्या गोंदाचं, पिवळट पडलेलं. नख लावलं तर काचेसारखा पापुद्राच उडाला. म्हणजे भोक जुनं, ठिगळ त्यांचं आणि सुई माझी. फोटो पाठवला. निळ्या खुणा झाल्या, उत्तर आजतागायत नाही.

तर, अशी गादी घरी असेल तर आधी नळी बघा. पंपाच्या तोंडाशी ती वाकून वाकून चिरते. तेवढं टोक कात्रीने कापून नळी पुन्हा घट्ट बसवली की पुष्कळदा काम भागतं. नाही भागलं तर फेस. बुडबुडा दिसताच बॉलपेनने गोल करा, फेस सुकला की जागा सापडत नाही. काही गाद्यांना वारा खेळावा म्हणून मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात, ती बुजवत बसू नका.

गोंदाबद्दल सगळे सल्ले देतात. झटपट गोंद कडक होतो आणि माणूस कुशीवर वळला की तडकतो. पंक्चरवाल्याचं सोल्युशन रबरासाठी असतं, गादीच्या पीव्हीसीवर ते धरत नाही. प्लंबरच्या सोल्युशनने पातळ प्लास्टिक आक्रसतं. लवचिक राहणारा व्हिनाइलचा गोंद मागा. ठिगळ फुगवायच्या फुटक्या बेबी टबाचं चालतं, पण गोल कापा, कोपरे आधी उचकटतात. हवा काढून जागा स्पिरिटने पुसा, चिकटवा, वर वजन ठेवा आणि दिवसभर हात लावू नका. तोवर पेशंटला साध्या गादीवर ठेवून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रीच्या पाळ्या आधीच वाटून घ्या. भोक शिवणीवर असेल तर मात्र नाद सोडा, ते टिकत नाही.

आणि भाड्याने घेताना गादी दुकानाच्या माणसासमोरच फुगवा, उलटी करून खालून व्हिडिओ काढा, मगच सही करा. "दुसरीकडे डिलिव्हरी आहे" म्हणून तो घाई करेलच. करू दे. चहासुद्धा विचारू नका.