काका, स्मरणशक्तीची गोळी आहे का?

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा जवळ आली की माझ्या काउंटरवरची मागणी बदलते. सदाशिव पेठेच्या आसपास मेडिकल चालवणाऱ्याला परीक्षेचं वेळापत्रक वेगळं बघावं लागत नाही. पोरं मोबाइल पुढे करतात, "काका, ही गोळी आहे का? रूममेट घेतोय." स्क्रीनवर कधी गिंको बिलोबा, कधी ओमेगा-3, कधी ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप. महिन्याच्या शेवटी दोघं मिळून एक बाटली घेतात आणि रात्री मेसला दांडी मारून वडापाववर भागवतात. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

माझा भाचा याच गर्दीतला. घर माळकरी, अंड्यालाही हात नाही. गावी गोठ्यात दुभतं होतं, त्यामुळे दूध-ताक पोटात जायचं. इथे कॉट बेसिसवर राहायला लागल्यापासून ते सुटलं. टपरीवरचा चहा तेवढा वाढला. दुसऱ्या वर्षी कुरकुर सुरू झाली, "मामा, काल पाठ केलेली कलमं आज आठवत नाहीत." मला न विचारताच त्याने 'मेंदूसाठी' म्हणून ऑनलाइन कॅप्सूल मागवल्या. (मामाचं मेडिकल असताना ऑनलाइन! असो.)

एका संध्याकाळी तो दुकानात आला आणि निघाला तेव्हा डाव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली. चार पावलं गेला तरी त्याला पत्ता नव्हता. मी हाक मारली तर म्हणतो, "अभ्यासिकेत बसून बसून पाय बधिर होतात." पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, ही बसण्याची बधिरता नव्हे. दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्तातलं बी-12 फारच कमी निघालं.

खरी गंमत त्या बाटलीच्या लेबलवर होती. तिच्यात फॉलिक अ‍ॅसिड भरपूर होतं, बी-12 मात्र नव्हतंच. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने बी-12 च्या कमतरतेतला अ‍ॅनिमिया भरून येतो, रिपोर्ट बरा दिसतो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. तरतरी लवकर आली. पाय सुधारायला मात्र कित्येक महिने गेले. निकालाचं विचाराल तर पूर्व निघाली, मुख्य राहिली. ते काही बी-12 च्या हातात नव्हतं.

हे एकट्या भाच्याचं नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते. सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी निघालं, आणि सर्वांत जास्त मध्यमवर्गात. हे जीवनसत्त्व भाज्या-धान्यांतून मिळत नाही. शाकाहाऱ्याचा आधार दूध, दही, पनीर. पेलाभर दुधात साधारण 1 मायक्रोग्रॅम मिळतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोनाच्या थोडी वर असते. कटिंग चहातल्या दुधाने काय होणार? स्पिरुलिनाच्या गोळ्यांवरही विसंबू नका. त्यात जे सापडतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं रूप असतं.

म्हणून आता कोणी स्मरणशक्तीची गोळी मागितली की मी आधी विचारतो, रक्त तपासलंय का? हिमोग्लोबिन, बी-12, गरज वाटल्यास फेरिटिन आणि थायरॉइड. बी-12 ची गोळी सुरू करण्याआधीच रक्त द्या, नाहीतर आकडा वर दिसतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. मुलींनी लोहाकडे विशेष लक्ष द्यावं. पोह्यांवर लिंबू पिळा, उसळीसोबत कोशिंबीर घ्या, आणि जेवणावर लगेच चहा नको. चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

कमतरता असेल तर गोळी काम करते. नसेल तर तुमच्या वयात या बाटल्यांनी मार्क वाढतात, याला भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही. अमेरिकेत 3 हजारांहून जास्त वृद्धांना कित्येक वर्षं गिंको देऊन पाहिलं; 2008 साली निष्कर्ष आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीवर बऱ्या बातम्या आहेत, पण त्या चाचण्या साधारण 3 महिने रोज घेण्याच्या. परीक्षेच्या आठवड्यात बाटली फोडून फक्त पोट बिघडेल. रात्रीच्या कॉफीचंही तेच. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं 5 तासांनीही शरीरात असतं, आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत.

एक शेवटचं, कारण हल्ली हे फार बघतो. 'ड' जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी किंवा पाकीट बहुधा आठवड्याला एक असं लिहून दिलेलं असतं. उत्साहात ते रोज घेणारे भेटतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर बेततं. चिठ्ठीवर किती दिवसांनी घ्यायचं लिहिलंय, ते दुकानातून निघण्याआधी आम्हाला विचारा. विचारायचे पैसे पडत नाहीत.