दालन काय सांगते?

एखाद्या प्रेक्षणीय स्थळी प्रवासी प्रदर्शनाच्या दालनात शिरतो. भिंतीवर फलक असतात, काचेच्या पेट्यांत दगड असतात. तो सारे पाहतो व बाहेर पडतो. “काय पाहिलेत?” असे कोणी विचारले, तर “पुष्कळ काही” एवढेच त्यास सांगता येते. असे का व्हावे? वस्तू होत्या; त्यांना गुंफणारा विचार नव्हता. फुले विपुल असली, तरी दोऱ्यावाचून हार होत नाही.

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी असे दालन मांडण्याचे काम तुमच्याकडे आले. सांगण्याजोगे तेथे किती आहे! सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, खारे पाणी, लवणासुराची कथा, गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर, काठचे रान आणि पाखरे. हे सारे भिंतीवर कोंबले, तर वाचणाराचे डोळे शिणतील. म्हणून प्रथम स्वतःस विचारावे : पाहुण्याने कोणते एक वाक्य मनात घेऊन घरी जावे?

ते वाक्य असे असू शकेल : ‘आकाशातून आलेल्या आघाताने काळ्या खडकात विवर पडले, तेथे खाऱ्या पाण्यात निराळी जीवसृष्टी वसली, तिचे जीवन त्या पाण्याच्या गुणांवर अवलंबून आहे.’

आता निवड सोपी होते. अशनीच्या आघाताने रूप पालटलेला खडक पहिल्या पेटीत ठेवावा. पुढे एक चित्र असावे : विवरातील पाण्यास बाहेर वाट नाही, त्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले होते. खारटपणा वाढून त्यात फोफावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. लवण म्हणजे मीठ; तेव्हा लवणासुराची कथाही याच चित्राशेजारी शोभेल. मंदिराचे शिल्प सुंदर खरे. परंतु ते या सूत्रात बसत नाही. त्याचा फलक मंदिराच्या प्रांगणातच असावा. चांगले तेही वगळणे, हीच मांडणाऱ्याची कसोटी होय.

फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाने १९५७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. केवळ माहिती पुरवणे पुरेसे नाही, पाहणाराचे मन जागे झाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

शेवटच्या फलकाचे काम तेच आहे. सांडपाणी मिसळले किंवा गोड्या पाण्याचा लोंढा वाढला, तर सरोवराचे गुण बदलतात आणि खाऱ्या पाण्यावर जगणारे जीव संकटात सापडतात. ‘येथे घाण करू नये’ ही आज्ञा लोक वाचतात व विसरतात. ज्यास कारण उमगले, तो मात्र आपला हात आपणच आवरतो.

स्वाध्याय

१. लोणारच्या दालनात मंदिराचा फलक का नको, असे लेखकास वाटते?
२. ‘दोऱ्यावाचून हार होत नाही’ हे वाक्य येथे कोणत्या अर्थाने आले आहे?
३. तुमच्या गावातील एक स्थळ निवडा. पाहुण्याने मनात न्यावे असे त्याविषयीचे एकच वाक्य लिहा; त्यासाठी काय वगळले, तेही सांगा.