अर्धांगवायू आणि न वापरलेला हात

बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसणाऱ्याला नोव्हेंबर महिना वेगळा सांगावा लागत नाही. हयातीच्या दाखल्यासाठी सारे निवृत्त लोक त्याच महिन्यात येतात. काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक गृहस्थ पत्नीबरोबर आले होते. अंगावरून वारे जाऊन वर्ष झाले होते, उजवी बाजू लुळी पडली होती. सही जुळेना, म्हणून दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. तेवढ्यात पासबुक काउंटरवरून घसरले आणि त्या 'गेलेल्या' हाताची बोटे ते धरायला किंचित पुढे झाली. पण बाईंनी चटकन पासबुक उचलून पिशवीत टाकले. "यांना मी काही म्हणता काही करू देत नाही हो," त्या म्हणाल्या. त्या वेळी मला त्या माउलीचे कौतुकच वाटले. पुढे एडवर्ड टाउब या अमेरिकन संशोधकाविषयी वाचले आणि ती बोटे पुन्हा आठवली.

मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकाचा जाणकार नाही. जे वाचले ते साध्या शब्दांत मांडतो.

मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली की तेथील पेशी मरू लागतात. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग जाते. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर मालीश, अंगारे-धुपारे यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आपला विषय मात्र त्यानंतरचा, म्हणजे रुग्ण वाचून घरी आल्यावरचा आहे. वर्ष उलटले की हातात जेवढी सुधारणा व्हायची तेवढी झाली, असा समज पूर्वी डॉक्टरांमध्येही होता.

टाउब हे डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३१ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. १८९५ साली इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा कापल्या होत्या. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरीना. संवेदनेवाचून हेतुपूर्वक हालचाल होऊच शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. शेरिंग्टन पुढे १९३२ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? टाउब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ती घेतली. माकडाचा चांगला हात त्यांनी बांधून ठेवला. भूक लागलेले माकड तोच 'निकामी' हात पुढे करून अन्न घेऊ लागले! दोन्ही हातांच्या नसा कापल्या, तर माकड दोन्ही हात वापरी.

याचा उलगडा टाउब यांनी असा केला. इजेनंतर सुरुवातीचे काही महिने हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करते, घास पडतो, तोल जातो. उलट तीन पायांवर काम भागते. पुढे हात हलण्याजोगा होतो, पण तोवर 'हा हात वापरायचा नाही' हा धडा पक्का गिरवून झालेला असतो. म्हणजे दुबळेपणाचा काही भाग इजेचा आणि काही भाग शिकलेला. जे शिकले ते पुसताही येते, ही त्यांची आशा.

या ज्ञानाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली, हे झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. १९८१ मध्ये मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलेक्स पाचेको या कार्यकर्त्याने काम करता करता १७ माकडांची हलाखी टिपली आणि पोलिसांची धाड पडली. टाउब प्रथम दोषी ठरले. केंद्र सरकारच्या पैशावरील संशोधनाला राज्याचा तो कायदा लागू नाही म्हणून १९८३ मध्ये ते सुटले. माकडांना नीट वागवले होते, असा काही त्याचा अर्थ नव्हे.

पुढे अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील शाखेत त्यांनी माणसांवर उपचार सुरू केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटका येऊन वर्षे लोटलेले रुग्ण होते. चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास कामे करून घ्यायची. काम सोपे, मग थोडे अवघड, आणि जमले की लगेच शाबासकी. २००० मध्ये जर्मनीत १३ रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा उपचारानंतर हाताचे स्नायू हलवणारा भाग जवळजवळ दुप्पट विस्तारलेला दिसला. २००६ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात जाड मोजा. ठरावीक कामांना या रुग्णांना सरासरी १९.३ सेकंद लागत, ते वर्षानंतर ९.३ वर आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे २४ वरून १७.७ झाले.

मात्र हे वाचून कोणी घरी उपरण्याने हात बांधू नये. ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी मागे उचलतात त्यांच्यासाठीच ही रीत आहे. पूर्ण निर्जीव हाताला तिचा उपयोग नाही. तोल सांभाळता येत नसेल तर चांगला हात अडकवणे धोक्याचे. शिवाय २००९ च्या एका अभ्यासात झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांतच जास्त ताण देऊन सराव घेतलेल्यांची प्रगती उलट कमी दिसली. तेव्हा फिजिओथेरपिस्टला आधी हात दाखवावा आणि "बोटे किती उचलतात, ही रीत चालेल का" असे स्पष्ट विचारावे. आपल्याकडे रोज सहा तासांचा सराव परवडणारी घरे किती, हाही प्रश्न आहेच. पण त्यांनी होकार दिल्यावर लागणारे सामान घरातच असते: वाटीतले राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, नळाची तोटी फिरवणे, कणकेचा गोळा दाबणे. यात घास सांडेल, पेला पडेल, शर्टाच्या एका गुंडीला दहा मिनिटे जातील. घरच्यांना ते बघवत नाही आणि हात आपोआप मदतीला पुढे होतो. तो किती वेळ मागे ठेवायचा, हेही फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावे.