धानाची बांधी, डुकरे आणि मेंदूज्वर

रोवणी आटोपल्यावर बांधीत पाणी साचते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून क्युलेक्स डासांची नवी पिढी बाहेर पडते. हे डास दिवेलागणीनंतर, बहुधा घराबाहेर चावतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू यांच्याच मार्फत पसरतो. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात या रोगाने हजारावर बळी घेतले, त्यात मुलेच अधिक होती. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानपट्ट्यात याचे रुग्ण आढळले आहेत.

विषाणूचा मूळ आसरा म्हणजे बगळ्यांसारखे पाणपक्षी. डुकराच्या अंगात तो झपाट्याने वाढतो. मोठे डुक्कर आजारी दिसत नाही; गाभण मादी मात्र मेलेली पिले टाकते. असे घडल्यास पशुवैद्यकास जरूर दाखवावे. गाई-बैलांना हे डास पुष्कळ चावतात, पण त्यांच्यात विषाणू वाढत नाही. माणसापासून माणसालाही रोग लागत नाही. तेव्हा रुग्णाच्या घराला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही.

उन्हाळी धानात पाणी आपल्या हाती असते. बांधीतील पाणी अधूनमधून काढून दोन-तीन दिवस जमीन उघडी पडू द्यावी, म्हणजे अळ्या मरतात. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नये. शेजाऱ्यांनीही हेच केले तर उपयोग होतो. एकट्याच्या बांधीने डास हटत नाहीत. खरिपात झड लागली असताना हा उपाय चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

डुकरांचा गोठा वस्तीपासून दूर असावा. हा डास किलोमीटरभर सहज उडतो, म्हणून गोठा घरामागून शेताच्या कडेला नेला एवढ्याने भागत नाही. मुलांना मच्छरदाणीत झोपवावे. रोगप्रवण जिल्ह्यांत बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान लस मोफत मिळते. दुसरी मात्रा रोवणीच्या घाईत राहून जाते, ती चुकवू नये.

लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांनाच मेंदूज्वर होतो. पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी शंभरात तीसपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. विषाणू मारणारे औषध नाही. एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या आणि त्यात झटके किंवा बरळणे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये आणि त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.